हरलेला नमुना, जिंकलेला टरेट

लढाई ऐन भरात असताना शत्रू नवा रणगाडा मैदानात आणतो आणि आपल्या कारखान्यापुढे एक नकोसा प्रश्न उभा राहतो. हाती जो रणगाडा आहे त्यालाच ठिगळे लावत राहायचे, की असेंब्ली लाइन थांबवून नवा घ्यायचा? दुसऱ्या महायुद्धात रशिया, अमेरिका आणि जर्मनी या तिघांनाही या प्रश्नाने छळले. तिघांची उत्तरे वेगळी निघाली. रणगाड्यांच्या इतिहासाची पुस्तके बहुधा मैदानावर उतरलेल्या गाड्यांबद्दल बोलतात. मला मात्र न उतरलेल्या गाड्यांकडून जास्त कळते, म्हणून या आढाव्याच्या मध्यभागी सोव्हिएत टी-४३ आहे. त्याची चाचणी नीट झाली, पुष्कळ बाबतींत तो सरस ठरला, आणि तरीही तो नाकारला गेला.

टी-४३ ची गोष्ट टी-३४ पासून सुरू करावी लागते. खार्किवच्या १८३ क्रमांकाच्या कारखान्यात मिखाईल कोश्किन यांच्या हाताखाली हा मध्यम रणगाडा आकाराला आला. मार्च १९४० मध्ये दोन नमुने बर्फातून स्वतःच्या साखळ्यांवर खार्किवहून मॉस्कोला नेऊन क्रेमलिनमध्ये दाखवण्यात आले. त्याच प्रवासानंतर कोश्किन न्यूमोनियाने आजारी पडले आणि सप्टेंबरात वारले. पुढची सूत्रे अलेक्झांडर मोरोझोव्ह यांच्याकडे आली. तिरक्या बसवलेल्या ४५ मिलीमीटरच्या पत्र्याचे चिलखत, ७६ मिलीमीटरची तोफ, ५०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि चिखलात न रुतणारे रुंद पट्टे, हे सगळे एका मध्यम रणगाड्यात १९४१ साली दुसऱ्या कुणाकडे नव्हते. त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्त आहे.

आत शिरले की मात्र कौतुक ओसरते. टरेटमध्ये माणसे दोनच. कमांडरने बाहेर बघायचे, लक्ष्य शोधायचे, टरेट फिरवायचा, नेम धरायचा, गोळा झाडायचा, आणि तो पलटणीचा प्रमुख असेल तर बाकीच्या गाड्यांवरही लक्ष ठेवायचे. खाली पुढे बसलेल्या चालकाला वळण सांगायला तो पायाचा उपयोग करी. डाव्या खांद्यावर बूट टेकला की डावीकडे, उजव्या खांद्यावर टेकला की उजवीकडे. शेजारी गोळे भरणाऱ्याचे हाल याहून वाईट. भिंतीला लावलेले मोजके गोळे संपले की उरलेले पायाखालच्या पेट्यांत. म्हणजे ज्या तळावर उभे राहायचे तोच उघडून ठेवायचा, आणि वर टरेट फिरत असताना पाय सांभाळायचे. धूर बाहेर टाकणारा पंखा तोकडा. गिअर बदलायला इतका जोर लागे की चालकाच्या मदतीला शेजारच्या मशीनगनवाल्यालाही दांड्याला हात लावावा लागे. १९४२ मध्ये एक टी-३४ अमेरिकेला ॲबरडीनच्या चाचणी केंद्रावर पाठवला गेला. तिथल्या तंत्रज्ञांनी तोफेच्या दुर्बिणीची वाखाणणी केली, पण हवेची गाळणी आणि गिअरबॉक्स पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

हे दोष रशियनांना ठाऊक नव्हते असे कुणी म्हणू नये. १९४० मध्ये, जर्मनीशी मैत्रीचा करार असताना, त्यांनी जर्मन पँझर-३ विकत घेऊन कुबिंकाच्या मैदानावर तपासला होता. त्याची तोफ लहान, चिलखत पातळ. पण टरेटमध्ये तीन माणसे, कमांडरला चौफेर बघता येईल असा क्युपोला आणि टॉर्शन बारचे सस्पेन्शन. या तपासणीतून टी-३४एम नावाचा आराखडा निघाला. त्यात तीन माणसांचा टरेट होता, क्युपोला होता, आणि टी-३४ च्या दोन्ही बगलांत बरीच जागा खाणाऱ्या उभ्या स्प्रिंगांच्या जागी तळाशी आडव्या टाकलेल्या, पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या होत्या. मे १९४१ मध्ये तो उत्पादनात घ्यायचे सरकारी पातळीवर ठरलेही. २२ जूनला जर्मन सैन्य सरहद्दीत घुसले आणि टी-३४एम चे कागद कपाटात गेले.

तो निर्णय टाळता येण्यासारखा नव्हता. ऑक्टोबर १९४१ मध्ये खार्किव पडले, त्याच्या आधी कारखाना यंत्रांसकट रेल्वेने उरलपलीकडे निझ्नी तागिलच्या वॅगन कारखान्यात हलवला गेला. सोबत आणलेल्या सुट्या भागांतून डिसेंबरात तिथे पहिले २५ टी-३४ जोडले गेले. पुढची दीड वर्षे या रणगाड्यात जे बदल झाले ते जवळजवळ सगळे एकाच दिशेचे होते: स्वस्त कर, लवकर कर. कीव्हहून हलवलेल्या येव्गेनी पातोन यांच्या संस्थेने चिलखताचे पत्रे यंत्राने सांधण्याची पद्धत बसवली, त्यामुळे कसलेल्या वेल्डरचे काम नवशिक्या मुली आणि पोरे करू लागली. रबर संपले तेव्हा चाके नुसत्या पोलादाची केली. १९४१ मध्ये २,६९,५०० रूबलला पडणारा टी-३४ दोन वर्षांत १,३५,००० रूबलवर आला. १९४३ या एका वर्षात सगळ्या कारखान्यांनी मिळून सुमारे १५,७०० टी-३४ बाहेर काढले.

या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवल्याशिवाय तो वाचू नये. त्याच वर्षी लाल सेनेने सुमारे १४,७०० मध्यम रणगाडे गमावले, आणि त्यांतले बहुतेक टी-३४ च होते. जेवढे येत तेवढे जवळपास जळत. महिन्याला सरासरी तेराशे रणगाडे येणे आणि बाराशे जाणे, असा हा हिशेब. यातला एक महिना जरी नव्या मॉडेलच्या जुळवाजुळवीत गेला असता तरी आघाडीवर हजारभर गाड्यांचे भगदाड पडले असते. टी-४३ चे नशीब बरेचसे या वजाबाकीत लिहिलेले होते.

मग टी-४३ निघालाच कशाला? कारण १९४२ च्या लढायांत टी-३४ चे चिलखत उघडे पडले होते. त्या वर्षी निकामी झालेल्या टी-३४ ची रशियन तंत्रज्ञांनी भोके मोजून पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक भोके ५० मिलीमीटरच्या जर्मन तोफांची निघाली. त्यात लांब नळीची ७५ मिलीमीटरची तोफ झपाट्याने वाढत होती. शिवाय केव्ही हा सोव्हिएत जड रणगाडा अवजड आणि बिघाडखोर ठरल्याने, मध्यम आणि जड यांचे काम एकाच गाडीत भागवावे असा विचार बळावला. मोरोझोव्ह यांच्या मंडळींनी टी-३४एम चे कागद बाहेर काढले. १९४२ च्या अखेरीस पहिला नमुना उभा राहिला, १९४३ च्या पूर्वार्धात त्याची सुधारित आवृत्ती आली.

टी-४३ म्हणजे जवळपास पाऊण टी-३४ च होता, आणि तेच त्याच्या बाजूचे मोठे वकीलपत्र होते. इंजिन तेच, तोफ तीच ७६ मिलीमीटरची. नवे होते ते तीन माणसांचा टरेट, क्युपोला, टॉर्शन बार आणि पाच गतींचा गिअरबॉक्स. पुढचे चिलखत ४५ वरून ७५ मिलीमीटर, टरेटचे ९०. वजन मात्र सुमारे ३१ टनांवरून ३४ टनांवर गेले. पट्ट्यांखाली जमिनीवर पडणारा दाब वाढला, म्हणजे ज्या चिखलात टी-३४ तरून जाई तिथे याची दमछाक. चाचणीत तो जुन्या गाडीपेक्षा मंद निघाला. तरी उन्हाळ्यापर्यंत त्याचे पारडे जड होते असेच कागदपत्रांचा सूर सांगतो.

एप्रिल १९४३ मध्ये कुबिंकाला आणखी एक पाहुणा आला. लेनिनग्राडजवळ हाती लागलेला जर्मन टायगर रणगाडा. त्याच्यावर सगळ्या सोव्हिएत तोफा झाडून बघितल्या गेल्या. टी-३४ ची तोफ त्याच्या बगलेचा ८२ मिलीमीटरचा पत्रा दोनशे मीटरवरूनही फोडेना. विमानविरोधी ८५ मिलीमीटरच्या तोफेने मात्र पुढचे १०० मिलीमीटर चिलखत हजार मीटरवरून फोडले. मेच्या पहिल्या आठवड्यात रणगाड्यांच्या तोफा वाढवण्याचा हुकूम निघाला. जुलैत कुर्स्कच्या लढाईत जर्मन रणगाड्यांपुढे जे झाले त्याने उरलीसुरली शंका मिटवली. पाचव्या गार्ड्स टँक आर्मीचे सेनापती रोतमिस्त्रोव्ह यांनी ऑगस्टमध्ये मार्शल झुकोव्ह यांना पत्र लिहून तक्रार केली की १९४१ मध्ये आपल्या रणगाड्यांकडे असलेली सरशी आता उलटली आहे.

इथे टी-४३ ची खरी अडचण कळते. १९४२ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तम उत्तर होते, पण १९४३ मध्ये प्रश्नच बदलला. टायगरच्या ८८ मिलीमीटरच्या तोफेपुढे ७५ मिलीमीटर चिलखताचा म्हणावा तसा आधार नव्हता, आणि उलट मारा करायला हाती तीच ७६ मिलीमीटरची तोफ. तीन टन वजन वाढवून माणसे थोडी जास्त वाचतील, पण शत्रू तसाच उभा राहील. हे गणित आघाडीवरच्या कुणालाही पटण्यासारखे नव्हते. टी-४३ वर ८५ मिलीमीटरची तोफ चढवूनही पाहिली गेली. तोफ आली, पण वजन आणखी वाढले, आणि असेंब्ली लाइन मोडण्याचा खर्च होता तिथेच राहिला.

जुन्या टी-३४ च्या टरेटमध्येच ही तोफ कोंबण्याचा खटाटोपही झाला, जागा पुरेना. टरेट ज्या कड्यावर फिरतो ते कडे टी-३४ मध्ये जेमतेम १४२ सेंटिमीटरचे. शेवटी तोडगा निघाला तो असा: टी-४३ साठी घडवलेला तीन माणसांचा टरेट घ्यायचा, टी-३४ च्या सांगाड्यावरचे कडे १६० सेंटिमीटरपर्यंत रुंदवायचे आणि त्यावर तो ठेवायचा. बाकी सांगाडा, बगलांतल्या त्या जागाखाऊ स्प्रिंगा, पुढचा ४५ मिलीमीटरचा पत्रा, सारे जसेच्या तसे. राहत्या घरावर माडी चढवावी तसे हे काम, खालचा संसार न हलवता. गॉर्कीच्या क्रास्नोये सोर्मोवो कारखान्याने ते पुढे नेले आणि जानेवारी १९४४ मध्ये पहिले टी-३४-८५ निघू लागले. सुरुवातीला तोफ फ्योदोर पेत्रोव्ह यांची डी-५टी होती. लवकरच तिच्या जागी तोफांचे रचनाकार ग्राबिन यांच्या कार्यालयातून आलेली आणि पुढे सुधारलेली झिस-एस-५३ बसू लागली. मार्चमध्ये निझ्नी तागिलही या रणगाड्यावर आले. किंमत सुमारे १,६४,००० रूबल, म्हणजे चढली, तरी १९४१ च्या टी-३४ पेक्षा कितीतरी कमी.

या निर्णयाची तारीफ करताना हात थोडा आखडता घ्यावा असे मला वाटते. ‘साधे करा, भरपूर करा’ या सोव्हिएत सूत्राचे गोडवे गाणारे लेखक एक गोष्ट झाकून जातात. तीन माणसांच्या टरेटची गरज १९४० मध्ये ओळखली गेली होती आणि ती १९४४ मध्ये भागली. मधल्या तीन वर्षांत कमांडर नेम धरत बसला होता म्हणून किती गाड्या आधी दिसल्या आणि आधी जळल्या, याचा हिशेब कुठल्या तक्त्यात येत नाही. १९४१-४२ मध्ये लाइन थांबवता येत नव्हती हे कबूल. पण १९४३ मध्येही बदल झाला तो बहुतांशी तोफेसाठी. माणसांना जागा मिळाली ती मोठ्या तोफेला जागा लागली म्हणून. टायगर आला नसता तर तिसरा माणूस टरेटमध्ये आणखी किती काळ आला नसता, ही शंका मला सुटत नाही. आणि टी-३४-८५ नेही सगळे सुटले नव्हते. जर्मनांच्या नव्या पँथर रणगाड्याचा पुढचा तिरका पत्रा ८५ मिलीमीटरलाही दाद देत नसे. त्याला बगलेतूनच गाठावे लागे.

अमेरिकेत हेच नाटक वेगळ्या नटसंचात चालले होते. शर्मन या मध्यम रणगाड्याची जागा घ्यायला १९४२ पासून टी-२० मालिकेचे नमुने बनत होते. त्यातल्या टी-२३ मध्ये विजेवर चालणारी प्रेषणयंत्रणा होती, चालवायला मजेदार आणि सांभाळायला डोकेदुखी. असे २५० रणगाडे बनले आणि एकही लढला नाही. पण त्याचा ७६ मिलीमीटर तोफेचा टरेट शर्मनवर जाऊन बसला, आणि १९४४ पासून हे शर्मन कारखान्यातून निघू लागले. साम्य इतके की नवल वाटावे, फरकही तितकाच बोलका. शर्मनच्या टरेटचे कडे मुळातच सुमारे १७५ सेंटिमीटरचे होते, टी-२३ चेही तेवढेच. टरेट उचलायचा आणि ठेवायचा. पहिल्या आराखड्यात कुणीतरी कडे सढळ हाताने आखले होते, त्याचे व्याज दोन वर्षांनी मिळाले. ब्रिटिशांनीही त्याच ऐसपैस शर्मनमध्ये आपली सतरा पौंडी तोफ बसवून फायरफ्लाय केला. खराखुरा नवा रणगाडा, पर्शिंग, युरोपात पोचला तो जानेवारी १९४५ मध्ये, पहिल्या खेपेला फक्त वीस. एवढ्या उशिराबद्दल अमेरिकेत अजून भांडणे चालतात. माझे मत विचाराल तर अटलांटिक ओलांडून सुटे भाग पुरवायचे असताना एकच मॉडेल रेटणे शहाणपणाचे होते.

या शर्मनची आपल्याकडची ओळख निराळी आहे. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रेजिमेंटच्या जवानांनी पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांना तोंड दिले ते शर्मनमधूनच. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात शर्मन आणि पॅटन दोन्ही जवळून बघता येतात, आणि त्या दोघांतल्या पिढीचा फरक तिथे फलक न वाचताही समजतो.

जर्मनांनी नेमका उलटा रस्ता धरला. पँझर-४ वाढवत नेला, तोही त्याचे सस्पेन्शन कुरकुरेपर्यंत, आणि शेजारी पूर्ण नवा पँथर काढला. चिलखत आणि तोफ पाहता पँथर त्या युद्धातला सर्वांत धारदार मध्यम रणगाडा असेल. पण कुर्स्कला घाईने नेलेले दोनशे पँथर पहिल्या काही दिवसांतच बिघाड, आगी, सुरुंग आणि तोफा यांनी बहुतेक निकामी झाले. त्याच वर्षी आणखी जाड चिलखताचा पँथर-२ आखायला घेतला आणि सोडून दिला. अखेरपर्यंत पँथर सुमारे सहा हजार बनले, आणि पँझर-४ ची लाइन काही बंद करता आली नाही. नवे आणि जुने दोन्ही अर्धवट, सुटे भाग कायम तुटवड्यात.

रशियात टी-४३ पडला तरी मोरोझोव्ह थांबले नाहीत. त्यांच्या पुढच्या टी-४४ मध्ये इंजिन लांबीच्या दिशेने न बसवता आडवे बसवले. एवढ्या एका बदलाने मागचा भाग आखूड झाला, सांगाडा बुटका झाला, आणि वाचलेले वजन चिलखतात घालता आले. पुढे ९० मिलीमीटर, टरेटला १२० मिलीमीटर, आणि एकूण वजन जेमतेम ३२ टन. टी-४३ ने ३४ टनांत ७५ मिलीमीटर दिले होते. म्हणून टी-४३ केवळ कारखान्याच्या सोयीसाठी बळी गेला असे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. जुन्याच मांडणीभोवती जाड पत्रा गुंडाळण्यात त्याचे कर्तृत्व संपत होते, आणि तो १९४३ मध्ये स्वीकारला असता तर हीच माणसे, हीच यंत्रे त्याच्या बाळंतपणात अडकून टी-४४ लांबला असता.

टी-४४ नोव्हेंबर १९४४ मध्ये स्वीकारला गेला, पण त्याचे उत्पादन निझ्नी तागिलला दिले नाही. परत मिळालेल्या खार्किवच्या कारखान्यात ते सुरू केले, म्हणजे उरलची टी-३४-८५ ची लाइन अखंड चालू राहिली. युद्धात टी-४४ लढला नाही. १९४७ पर्यंत सुमारे अठराशे बनले. ठिगळ लावलेल्या दोन रणगाड्यांची समोरासमोर गाठ मात्र १९५० मध्ये कोरियात पडली: उत्तरेकडून टी-३४-८५, अमेरिकेकडून ७६ मिलीमीटरचा शर्मन. एकाचा टरेट टी-४३ कडून आलेला, दुसऱ्याचा टी-२३ कडून.

टी-४४ वर १०० मिलीमीटरची तोफ आणि नवा टरेट चढवून टी-५४ झाला, त्याचा पुढे टी-५५. १९६० च्या दशकात भारताने हे दोन्ही घेतले आणि १९७१ च्या युद्धात वापरले. नंतर त्यांतल्या अनेकांची १०० मिलीमीटरची सोव्हिएत तोफ काढून आपल्या विजयंत रणगाड्यावर होती तशी १०५ मिलीमीटरची तोफ बसवण्यात आली.